बाळाला किती वेळा पाजावे, किती वेळ पाजावे?



सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. रविवारची मिस्सा संपल्यावर एक आजी चर्चच्या ओट्यावर आमची वाट पाहत बसल्या होत्या. मांडीवर एकवीस दिवसांचा नातू. बाळ रडत होते, पण रडण्यात जोर नव्हता. आजी म्हणाल्या, "ताई, सुनेला दूधच पुरत नाही. गाईच्या दुधात पाणी घालून बाटलीने देते, तर त्याने पोट बिघडले. आता काय करावे?"

आम्ही सुनेला जवळ बसवले आणि विचारले, "दिवसातून किती वेळा पाजतेस गं?"

ती म्हणाली, "घड्याळ लावून पाजते. सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला. या बाजूला पाच मिनिटे, त्या बाजूला पाच मिनिटे. रात्री पाजत नाही. वन्सं म्हणाल्या, रात्रीची सवय लागली की सुटत नाही."

म्हणजे चोवीस तासांत पाच वेळा. बाळाचे जन्माचे वजन होते २ किलो ७०० ग्रॅम. आम्ही तागडीत घातले तर भरले २ किलो ५५० ग्रॅम. तीन आठवड्यांत बाळ वाढायचे ते घटले होते. आईला दूध नव्हते असे नाही. बाळ ते मागत होते, आणि घड्याळ नाही म्हणत होते.

या घरात दोष कोणाचाच नव्हता. आजी मायेने करत होत्या, सून सांगितले ते नेमाने पाळत होती, आणि नणंदेनेही भल्यासाठीच सांगितले होते. पण चुकीच्या समजुतीची किंमत त्या लहानग्याला द्यावी लागत होती. अशी घरे आपल्या धर्मग्रामात आणखीही असतील, म्हणून या महिन्याचे पान आम्ही या एकाच विषयाला देत आहोत.

हे घड्याळ आले कोठून?

आपल्या आजी-पणजींनी घड्याळ पाहून पाजले नाही. बऱ्याच घरांत घड्याळच नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. बाळाला ठरावीक तासांनीच दूध द्यावे, रात्री मुळीच देऊ नये, म्हणजे त्याला शिस्त लागते, अशी त्यांची शिकवण होती. स्वच्छतेविषयी त्यांनी पुष्कळ चांगले सांगितले. पण घड्याळाची ही शिस्त पुस्तकांतून आणि दवाखान्यांतून देशोदेशी पसरली, आणि शिकलेल्या घरांतून ती अजून पुरती गेलेली नाही.

आज जगभरचे डॉक्टर नेमके उलटे सांगतात. बाळ मागेल तेव्हा पाजावे, आणि मागेल तितके पाजावे. कारण साधे आहे. आईचे दूध हलके असते, ते बाळाला दीड-दोन तासांत पचून जाते. बाळाचे पोट लहान असते. लहान भांडे लवकर रिकामे होते आणि पुन्हा पुन्हा भरावे लागते.

आधी गोठ्यात जाऊन पाहा

आपण शेतकरी माणसे. अंगावरच्या दुधाचे शास्त्र आपल्याला पुस्तकात शोधायला नको, ते आपल्या गोठ्यात रोज दिसते.

गाय व्याली की वासराला आपण तासाभरात चीक पाजतो. चीक न मिळालेले वासरू रोगाला लवकर बळी पडते हे लहान पोरालाही ठाऊक असते. मग माणसाच्या बाळाचा चीक पिळून फेकून का द्यावा? "पिवळे दूध जड असते, तीन दिवस देऊ नये," असे म्हणणारी माणसे आपल्या माळव्यात अजून भेटतात. जे वासराला देतो ते लेकराला नाकारतो, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. वासरू सोडले, त्याने दोन ढुशा दिल्या, की गाय पान्हा सोडते. गाय बिथरली, कोणी दांडगाई केली, की ती पान्हा चोरते. आईचेही तसेच आहे. बाळाने ओढले की पान्हा फुटतो. घरात आरडाओरडा असेल, "तुला दूधच नाही" असे कोणी सारखे टोचत असेल, तर दूध असूनही पान्हा अडतो.

तिसरी गोष्ट धारेची. गाईची धार अर्धवट काढून सोडली तर चार दिवसांत तिचे दूध उतरते. पुरती धार काढली तर टिकते. आईच्या अंगात दूध साठून राहिले की "आता नको" असा निरोप शरीराला जातो आणि दूध तयार होणे मंदावते. बाळाने ओढून रिकामे केले की नवे दूध भराभर तयार होते. म्हणजे जितके पाजावे तितके दूध वाढते. साठवून वाढत नाही, दिल्याने वाढते.

चौथी गोष्ट शेवटच्या धारेची. शेवटच्या धारेत साय जास्त, हे दूध काढणारा प्रत्येक जण जाणतो. आईचेही पहिले दूध पातळ असते, त्याने तहान भागते. पुढे पुढे ते स्निग्ध होत जाते, त्याने पोट भरते आणि वजन वाढते. पाच मिनिटांत बाळाला ओढून काढले तर साय आईपाशीच राहते. आमच्या त्या सुनेच्या बाबतीत हेच घडत होते.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

बाळ जन्मल्यावर ते पुसून कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, आणि एका तासाच्या आत अंगाला लावावे. पोट फाडून बाळंतपण झाले असले तरी आई शुद्धीवर असेल तर हे लवकरात लवकर करता येते. नर्सबाईंची मदत मागावी. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंब-आरोग्य पाहणी झाली, तिच्यात जन्मानंतर तासाभरात पाजलेली मुले शंभरात सुमारे ४२ निघाली. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया गेला.

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीक पुरतो. चीक थोडा दिसतो म्हणून घाबरू नये. तो थोडाच असायचा, आणि तेवढ्यात बाळाच्या अंगी रोगाशी झुंजण्याचे बळ येते. भरपूर दूध बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरते. या मधल्या दिवसांत साखरपाणी, मधाचे बोट, शेळीचे दूध असे काही देऊ नये. त्याने बाळाची भूक मोडते, ते ओढत नाही, आणि न ओढल्यामुळे दूध उतरायला उशीर होतो.

किती वेळा पाजावे?

पहिल्या दोन-तीन महिन्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. याहून जास्त वेळा मागितले तरी द्यावे, पण आठाच्या खाली येऊ देऊ नये. अंतर सारखे असेल असे नाही. कधी बाळ दोन-अडीच तास झोपेल, तर कधी तासातून दोनदा मागेल. संध्याकाळी पुष्कळशी बाळे सारखी अंगाला लागतात. ते दूध आटल्याचे लक्षण नव्हे.

मागणे म्हणजे रडणे नव्हे. बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवते, मूठ चोखते, ओठ चाटते, चुळबुळ करते. ही त्याची हाक आहे. रडणे ही शेवटची पायरी. रडून दमलेले बाळ नीट ओढत नाही.

रात्रीचे पाजणे टाळू नये. दूध तयार करणारा रस आईच्या शरीरात रात्री जास्त सुटतो, म्हणून रात्रीचे पाजणे दुसऱ्या दिवशीच्या दुधाची बेगमी असते. पहिल्या काही आठवड्यांत बाळ एका झोपेत तीन-चार तासांपेक्षा जास्त राहिले तर उठवून पाजावे. दुपटे काढावे, तळपायाला हळू चोळावे, म्हणजे जागे होते. वजन नीट वाढू लागले की मग रात्री ते आपणहून थोडे अधिक झोपले तरी हरकत नाही.

जन्मतः अडीच किलोहून कमी वजनाचे किंवा दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ मात्र स्वतः मागेल याची वाट पाहू नये. त्याला दर दोन तासांनी उठवून पाजावे. ओढण्याची ताकद नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्यावे, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. अशी बाळे डॉक्टरांच्या नजरेखाली असावीत.

दोन-तीन आठवडे, सहा आठवडे आणि तीन महिने, साधारण या वेळी बाळाची वाढ एकदम उसळी घेते आणि ते दोन-तीन दिवस सारखे पीत राहते. नेमक्या याच दिवसांत घरोघरी "दूध पुरत नाही" असा निकाल दिला जातो आणि बाटली येते. थोडा धीर धरावा. दोन-तीन दिवस मागेल तितके पाजले की दूध बाळाच्या गरजेइतके वाढते.

किती वेळ पाजावे?

याला मिनिटांचे माप नाही. नवे बाळ हळू पिते. एका बाजूला दहा ते वीस मिनिटे, कधी त्याहूनही जास्त वेळ घेते. तीन-चार महिन्यांचे बाळ तेच काम पाच-दहा मिनिटांत उरकते. म्हणून घड्याळाऐवजी बाळाकडे पाहावे. एका बाजूला लावावे, आणि ते आपणहून सोडेपर्यंत पिऊ द्यावे. सोडल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, मग दुसरी बाजू द्यावी. घेतली तर ठीक, नाही घेतली तर पुढच्या वेळी त्या बाजूने सुरुवात करावी. कोणती बाजू राहिली हे लक्षात राहत नसेल तर बांगडी किंवा पदराची गाठ त्या बाजूला बदलत जावी.

बाळ प्रत्येक वेळी पाऊण तासाहून अधिक अंगाला राहूनही उपाशी वाटत असेल, किंवा आईला टोचल्यासारखे दुखत असेल, तर बहुधा ते नीट धरत नाही. नीट धरण्याच्या खुणा अशा: तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि बोंडाभोवतालचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त व खाली कमी दिसणारा. गाल फुगीर दिसतात, आणि बाळ दूध गिळते त्याचा आवाज येतो. नुसते बोंड चोखले तर बाळाला दूध मिळत नाही आणि आईला चिरा पडतात. असे झाले तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून हळूच सोडवावे आणि पुन्हा लावावे. बाळाचे डोके, मान व अंग एका ओळीत असावे आणि पोट आईच्या पोटाला लागलेले असावे. आईने वाकून बाळाकडे जाऊ नये, बाळाला आपल्याकडे आणावे.

चीर पडली तर शेवटचे थेंबभर दूध लावून वाळू द्यावे. दूध दाटून गाठ आली तरी पाजणे थांबवू नये. त्यानेच गाठ मोकळी होते. लाली, ताप आणि ठणका असेल तर पाजत पाजतच डॉक्टरांकडे जावे.

दूध पुरते की नाही, कसे ओळखावे?

रडण्यावरून ओळखू नये. बाळ ओले झाले, गरम झाले, पोटात वायू धरला, किंवा नुसती कूस हवी असली तरी रडते. स्तन मऊ पडले म्हणजे दूध गेले असेही नाही. पुढील तीन खुणा पाहाव्यात.

पहिली खूण लघवीची. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत जाऊन पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले झाले पाहिजेत, आणि लघवी फिकट असली पाहिजे.

दुसरी खूण शीची. सुरुवातीची काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी होते. पहिल्या महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा किंवा अधिक पातळ पिवळी शी होणे हे चांगलेच लक्षण आहे, तो अतिसार नव्हे. दीड महिन्यानंतर अंगावरचे बाळ दोन-चार दिवस शी न करता मजेत राहिले तरी चालते.

तिसरी खूण वजनाची. पहिल्या दिवसांत बाळ थोडे घटते, शेकडा दहाच्या आत. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत आले पाहिजे. पुढे पहिले तीन महिने आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढते. पाच-सहा महिन्यांत वजन दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून कार्डावर मांडून घ्यावे.

गव्हाचा दाणा, हरभऱ्याचा दाणा

ज्या घरात लिहिणे-वाचणे जमत नाही तेथे आम्ही ही युक्ती सांगतो. खाटेजवळ दोन वाट्या ठेवाव्या. बाळाला पाजले की एका वाटीत गव्हाचा एक दाणा टाकावा. लंगोट ओले झाले की दुसऱ्या वाटीत हरभऱ्याचा एक दाणा. सकाळच्या चहाच्या वेळी आजीने दाणे मोजावे. गहू आठाहून कमी नकोत, हरभरे सहाहून कमी नकोत. हिशेब चुकला तर त्या दिवशी बाळाला जास्त वेळा अंगाला लावावे. दुसऱ्या दिवशीही चुकला तर आशाताईंना बोलवावे.

पाणी, मध, घुटी आणि बाटली

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध. पाण्याचा थेंबही नको. लोक म्हणतात, वैशाखात माळव्याचे ऊन असे की मोठ्यांचा घसा कोरडा पडतो, मग बाळाला तहान लागत नसेल का? लागते. पण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८८ भाग पाणीच असते. उन्हाळ्यात बाळ थोड्या थोड्या वेळाने मागते, तेव्हा पाजावे. पाणी प्यायचे ते आईने. डॉक्टरांनी दिलेले औषध, थेंब किंवा जुलाबावरचे मिठा-साखरेचे पाणी यांना मात्र ही मनाई नाही.

मध वर्षाच्या आत देऊ नये. त्यातील काही जंतूंमुळे लहान बाळाला विषबाधा होऊन अंग लुळे पडू शकते. घुटी उगाळताना सहाण, बोट आणि पाणी या तिन्हींतून घाण पोटात जाऊ शकते. बाटलीचे बूच आणि रबरी बोंडी नीट उकळून घेणे शेतकऱ्याच्या घरी रोजच्या धांदलीत होत नाही. शिवाय बाटलीची सवय लागलेले बाळ आईचे बोंड नीट धरत नाही. दूध डब्याचे असो की गाईचे, पाणी घालून पातळ केले की पोषण उणे होते आणि रोग अधिक होतो.

कंपन्यांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १९८१ मध्ये एक आचारसंहिता मंजूर केली, आणि आपल्या देशाने १९९२ मध्ये कायदाच केला. त्यानुसार बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करणे किंवा आईला त्यांचे मोफत नमुने देणे हा गुन्हा आहे. कोणी असा नमुना हातात ठेवला तर तो घेऊ नये.

आजारपणामुळे एखाद्या आईला खरोखरच पाजता येत नाही, असेही घडते. अशा आईला दोष देऊ नये. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. इतर मातांनी दिलेले दूध तेथे तपासून, तापवून अशक्त बाळांना देतात. पुढे देशात अशा पेढ्या ठिकठिकाणी निघाल्या. बाळ मोठ्या रुग्णालयात असेल तर तेथे अशी सोय आहे का, हे विचारावे. आईला सर्दी-ताप असला तरी पाजणे चालू ठेवावे. क्षय, एच. आय. व्ही. असा आजार असेल तर स्वतःच्या मनाने न थांबवता डॉक्टरांना विचारून वागावे. योग्य औषध चालू असेल तर पुष्कळदा पाजता येते.

शेतावर जाणारी आई

काढणी कोणासाठी थांबत नाही. सोयाबीन निघाले की लसूण, बटाटा, गहू, हरभरा यांची घाई. पण पहिले दीड-दोन महिने तरी बाळंतिणीला शेतावर पाठवू नये. नंतर जावेच लागले तर शक्यतो बाळाला बरोबर न्यावे, झाडाखाली झोळी बांधावी, आणि कोणी मोठे माणूस जवळ बसवावे. कामाच्या मध्ये आई दर दोन-अडीच तासांनी येऊन पाजील असे ठरवून घ्यावे. तेवढ्याने कामाचे फार नुकसान होत नाही.

बाळ घरी ठेवायचे असेल तर निघण्यापूर्वी पाजावे आणि दूध हाताने काढून ठेवावे. हात साबणाने धुवावे, उकळून घेतलेल्या झाकणाच्या वाटीत दूध काढावे, गार जागी ठेवावे. साध्या हवेत ते चार तासांच्या आत वापरावे. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. ते पुन्हा उकळू नये. आजीने वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ बोंडल्याने पाजावे. परत आल्यावर आईने लगेच अंगाला लावावे, आणि रात्री जास्त वेळा पाजून दिवसाची तूट भरून काढावी.

अंगावर पिते बाळ असलेल्या बाईने औषध फवारणीचे काम करू नये, फवारणीचे कपडेही धुऊ नयेत. फवारलेल्या शेतातून आल्यावर हातपाय व छाती साबणाने धुऊन, लुगडे बदलून मगच बाळाला घ्यावे.

दोन बाळांमधील अंतर

वारंवार पाजण्याचा आणखी एक लाभ आहे. १९८८ मध्ये इटलीतील बेलाजियो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, आईची पाळी परत आलेली नसेल आणि बाळाला केवळ अंगावरचे दूध दिवसरात्र मिळत असेल, तर पुन्हा दिवस जाण्याचा संभव शंभरात दोनाहून कमी असतो. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. दिवसा चार तास आणि रात्री सहा तास याहून जास्त खंड पडू नये. एक जरी गोष्ट सुटली तर हा भरवसा उरत नाही. नैसर्गिक रीतीने अंतर राखू इच्छिणाऱ्या जोडप्यांनी हे नीट समजून घ्यावे.

घरच्यांचे काम

पाजणे आईचे, पण आईला पाजता येईल असे घर ठेवणे सगळ्यांचे. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी आणि पेलाभर दूध, नेहमीच्या जेवणावर वेगळे. अळिवाची खीर, मेथीचे लाडू जरूर द्यावे, पण भात-भाजी-फळे बंद करून नुसत्या लाडवांवर ठेवू नये. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. पाणी भरणे, धुणे, रात्री एकदा बाळाची लंगोट बदलणे, ही कामे बापाने केली तर त्याचा मान कमी होत नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बायका शिकवल्या, आणि १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, ती रीत याच कामातून पुढे आली. त्या आल्या की त्यांना दारातून परत पाठवू नका. पाजताना त्यांना समोर बसवा आणि चूक असेल तर दाखवून घ्या.

चर्चमध्ये बाळ रडेल म्हणून काही माता महिनोन् महिने मिस्सेला येत नाहीत. २०१४ च्या जानेवारीत रोममध्ये बाळांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले होते की बाळ भुकेले असेल तर येथेच खुशाल पाजा. मग आपल्या चर्चमध्ये संकोच कशाला? पदर घ्यावा आणि पाजावे. बाकीच्यांनी मागे वळून पाहू नये.

केव्हा धाव घ्यावी?

बाळ पिणे सोडते, उठवूनही उठत नाही, अंग गार किंवा तापलेले लागते, मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, झटके येतात, टाळू खोल जाते, किंवा आठ-दहा तास लघवी होत नाही. यांतील एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी आणि तालुक्याच्या किंवा इंदूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. वाटेत बाळाला आईच्या उराशी उबेत ठेवावे आणि पीत असेल तर पाजत न्यावे.

त्या बाळाचे काय झाले?

आम्ही बाटली बंद करायला सांगितले आणि घड्याळ भिंतीवरच राहू द्यायला सांगितले. बाळाला नीट कसे लावायचे ते सुनेला दाखवले, आणि आजींच्या हाती गहू-हरभऱ्याच्या वाट्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही बाळाला तपासले. आठवड्यानंतरच्या रविवारी आजी दाण्यांची पुरचुंडी घेऊनच आल्या. रोजचे गहू अकरा, बारा, कधी तेरा. तागडीवर बाळ भरले २ किलो ७६० ग्रॅम. आठवड्यात २१० ग्रॅम वाढ. आजी म्हणाल्या, "दूध तर घरातच होते ताई, आम्हीच दार लावून बसलो होतो."

सहा महिने पुरे झाल्यावर मऊ भात-वरण, खिचडी, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न सुरू करावे, आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून पुढेही चालू ठेवावे. वरचे अन्न कसे व किती द्यावे, ते पुढील पानात पाहू.

लक्षात ठेवा

१. जन्मानंतर तासाभरात अंगाला लावा. चीक फेकू नका.
२. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा. रात्रीही पाजा.
३. मिनिटे मोजू नका. एक बाजू बाळाने स्वतः सोडली की दुसरी द्या.
४. सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, घुटी, बाटली नको.
५. सहा ओले लंगोट आणि वाढते वजन, ही दूध पुरत असल्याची खूण.
६. बाळ पिणे सोडते तेव्हा उशीर करू नका.